दादाचा जांभळा डोंगर

१९७४ साली, एका सोमवारी, माझा भाऊ वसंता वारला.

वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगारे-धुपारे, भूत-भानामती सगळं बाहेर गेलं. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता — आजही नाही. तरी हे घडलं...

दादा जुन्या जालन्यात रशीदचाचांच्या फोटो स्टुडिओत काम करायचा. गिऱ्हाइकाच्या मागे लावतात ते पडदे रंगवायचा. आमचं गाव टेंभुर्णी. तिथून लांबवर डोंगरांची रांग दिसते. आई गेली त्या वर्षी त्यानं तीच रांग पडद्यावर काढली — सगळी जांभळी.

"दादा, आपला डोंगर तर तपकिरी आहे," मी म्हणाले.

"तुला दिसतोय तसा. आई गेल्यापासून मला असाच दिसून राह्यला. मी डोंगर काढलाय, नकाशा न्हाई."

चाचांनी कपाळाला हात लावला. "अरे वसंता, फोटो तो काला-सफेदच आना! ये जांभळा किसको दिखेगा?"

"चाचा, बसायच्या आधी माणूस पडद्याकडं बघतोय ना? तेवढं त्याच्या चेहऱ्यावर राहतंय."

"अच्छा? मंग तूच बैठ. देखूँ, तेरे चेहरे पे क्या रहता है!"

असा तो फोटो निघाला. दादाचा तेवढा एकच.

तो गेल्यावर पडदा मागून आणायचं मनात होतं. पण स्टुडिओची पायरी चढायला धीर होईना. चार महिन्यांनी गेले, तर त्याच सकाळी दुसऱ्या पेंटरनं त्यावर गुलाबांची बाग रंगवली होती. चाचांची मान खाली गेली. "बेटी, कल भी बोलती तो..."

घरी आले. भिंतीवरचा दादाचा फोटो पाहिला. डोंगर जांभळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन चाचांकडे गेले. फोटोला हातानं लावलेला रंग ओल्या कापसाला लागतो, असं म्हणून त्यांनी कापूस फिरवला. कापूस पांढराच राहिला. त्याच निगेटिव्हवरून नवा फोटो काढला. त्यात डोंगर करडाच आला. चाचांनी जुना फोटो पुन्हा उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाले, "येच रंग था उसका. बराबर येच."

जुने फोटो पिवळट पडतात, हे मला माहीत आहे. पण एकटा डोंगरच, तोही जांभळा... का, ते मला आजही सांगता येत नाही.

स्टुडिओ आता नाही. चाचाही नाहीत. फोटो माझ्या टेबलावर आहे. दादा काळा-पांढरा आहे. डोंगर जांभळा आहे.