उजव्या डोळ्याची कडी

वन्सं ज्या गोष्टीला हात लावतील ती फिरवतात. मिक्सरची कळ, पंख्याचा रेग्युलेटर, दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातल्या निरांजनाचं तोंडसुद्धा. त्यामुळे संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळीच त्या खांदेश्वरहून आल्या आणि आज टेकडीवर जायचं, दादाची दुर्बीण घे, असं दारातच म्हणाल्या, तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती दुर्बिणीची.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. हे गेल्या पावसाळ्यात गेले. वर्षाच्या आत सण करायचा नाही म्हणून मी यंदा घरात तीळ आणले नव्हते. दुखवट्याच्या घरी गोड बाहेरून यायचं असतं, त्या रिवाजानं वन्संनी गुळपोळ्या करून आणल्या होत्या. पण त्या पोळ्या माझ्या स्वयंपाकघरात बसून खायला वन्सं तयार नव्हत्या.

"इथं खाल्ल्या तर तू रडशील, मग मी रडेन, आणि पोळी घशाखाली उतरायची नाही. वर जाऊन खाऊ."

दुर्बिणीबद्दल सांगायला हवं. तिच्या मधल्या चाकानं समोरचं दृश्य स्पष्ट करून घेता येतं. पण उजव्या नळीला एक वेगळी कडी असते. दोन डोळ्यांच्या नजरेत फरक असेल तर तिनं तो भरून काढायचा. ह्यांचा उजवा डोळा अधू होता. ह्यांनी कडी आपल्या डोळ्याला जुळवली आणि सरकू नये म्हणून तिच्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून टाकली. पक्षी आधी ते बघत, मग दुर्बीण माझ्या हातात देत. मला उजव्या बाजूनं सगळं धुरकट दिसे. दर वेळी पट्टी कोण काढणार? मी उजवा डोळा मिटून घेई. नेरूळच्या खाडीतले रोहित पक्षी, टेकडीवर घिरट्या घालणारे गरुड, सगळे मी असे एका डोळ्यानं पाहिलेले आहेत. पक्ष्यांना डोळा मारणारी बायको, अशी हे माझी ओळख करून देत.

ते गेल्यावर त्यांचे कपडे मी देऊन टाकले, चपला दिल्या. पण त्यांच्या डोळ्यांना जग जसं दिसे तसं दाखवणारी घरात एकच जागा उरली होती, ती कडी. पट्टी आता वाळून कडेनं उचलली गेली होती. एखादं नख अडकलं असतं तरी ती निघाली असती आणि मला पुन्हा तशी जुळवता आली नसती.

दुर्बीण मी माझ्याच गळ्यात अडकवली.

खारघरच्या टेकडीवर जानेवारीत सकाळी थोडी तरी थंडी असते. वन्सं स्वेटर आणि कानटोपी घालून निघाल्या होत्या. पहिला चढ संपेपर्यंत टोपी पिशवीत गेली आणि स्वेटर कमरेला आला. नवे बूट चावतील म्हणून पर्समध्ये चिकटपट्ट्या होत्या, त्यातल्या दोन टाचांना लागल्या. बोलणं मात्र सुरू होतं. सोसायटीची पाण्याची टाकी, सोसायटीचे चेअरमन, चेअरमनच्या सुनेची योगासनं. हिला टेकडीवर न्यायचं तर आधी पक्ष्यांना कळवायला हवं, असं हे म्हणत. पण त्या दिवशी पक्ष्यांचं काही बिघडलेलं दिसलं नाही. बुलबुल झुडपात भांडत होते. तारेवरचे वेडे राघू हवेत झेपावून माशी पकडत आणि परत त्याच जागी येऊन बसत.

एका वळणावर भारद्वाज दिसला. तपकिरी पंख, लाल डोळा, आणि रस्ता ओलांडण्याची अगदी सावकाश चाल. वन्सं जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी हात जोडले. भारद्वाज दिसला की काहीतरी मागायचं असतं, माग, असं त्यांनी मला बजावलं. मी मागितलं. ते त्या चिकटपट्टीबद्दल होतं.

वर पिवळं गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलं होतं. खाली आमच्या इमारती काड्यापेट्या उभ्या कराव्यात तशा दिसत होत्या आणि त्यांच्यापलीकडे खाडीची चकचकीत रेघ. डाव्या हाताला एक काळा खडक आहे. दर हिवाळ्यात त्यावर थिरथिरा येतो. चिमणीएवढा पक्षी, वरून काळा, पोटाशी तांबूस. त्याची शेपटी सारखी थरथरत असते. यंदा तो येईल असं मी धरूनच चालले नव्हते. तो आला होता.

वन्संनी हात पुढे केला. आता नाही म्हणणं शक्य नव्हतं.

"वन्सं, एवढी उजवीकडची कडी फिरवू नका."

"का?"

"ती ह्यांच्या डोळ्याची आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, अगदी हे सरकवत तसा, आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. एका बोटानं मधलं चाक थोडं फिरवलं. मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघत होते. तो नळीखाली नुसता धरलेला होता.

"किती लख्ख दिसतंय गं. थंडी वाजतेय का त्याला?"

दोन्ही डोळ्यांनी दिसतंय का, मी विचारलं.

"मग? एका डोळ्यानं कोण बघतं?" मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "आमच्या वडिलांचा उजवा डोळा, वहिनी. शेती वाटून झाली, भांडी वाटून झाली. हा डोळा तेवढा दोघांना सारखा आला."

मला हसू आलं, ते लवकर थांबेना. वन्संही हसायला लागल्या. थिरथिरा उडून शेजारच्या खडकावर बसला आणि तिथं शेपटी थरथरवू लागला.

मग आम्ही गुळपोळ्या खाल्ल्या. तूप घरून डबीत आणलेलं होतं, ते थंडीनं थिजलं होतं. कडी तुझ्या डोळ्याला जुळवून घे, मला वाईट वाटणार नाही, असं वन्सं म्हणाल्या. मी सांगितलं की मला डोळा मारायचीच सवय झाली आहे. त्यांनी तुपाचा हात रुमालाला पुसला, पर्समधून उरलेली चिकटपट्टी काढली आणि जुन्या पट्टीवर नीट बसवून अंगठ्यानं दाबली.

उतरताना दुर्बीण त्यांच्या गळ्यात होती. वाटेतल्या एकूण एक कावळ्यावर त्यांनी ती रोखली.