पाण्यावर उतरलेलं विमान

आज खाडीत एक बदक पोट घासत, पाणी उडवत उतरलं आणि मी ओट्यावरून ताडकन उठले. मी लहान असताना, लढाईच्या काळात असंच एक विमान आमच्यासमोर समुद्रात उतरलं होतं!

"अहो, बुडालं ते!" आई ओरडली. बाबांनी दोर उचलून होडी लोटली. विमान बुडत नव्हतंच, ते पाण्यावर उतरणाऱ्या जातीचं होतं. स्वतःचं विमान पडून लाटांत तरंगणाऱ्या एका वैमानिकाला उचलायला ते आलं होतं, पण लाटांमुळे विमानाला त्याच्याजवळ जाता येईना. बाबांनी दोर फेकला, माणूस ओढून घेतला आणि विमानाच्या दारात नेऊन दिला.

"विमानाला वाचवायला निघालात!" आई पुढे कायम चिडवायची.

"पाण्यात कुणी पडलं की आधी दोर टाकायचा. चौकशी मागाहून," बाबा म्हणायचे.

बदक मजेत पोहतंय. मी मात्र कपड्यांचा दोर सोडून हातात घेतलाय!