गोफणीतून सुटलेला धोंडा

आमचे विज्ञानाचे मास्तर आता हयात नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

सातवीत त्यांनी विचारलं, "गोफणीतून सुटल्यावर धोंड्याला कुणी ढकलत नाही, तरी तो पुढे का जातो?" ज्वारी हुरड्यात आली की आई पाथर्डीकडच्या आमच्या रानात दिवसभर गोफण फिरवून पाखरं हाकलायची. तिला मी हे आधीच विचारलं होतं. "हाताचा जोर धोंड्यात ऱ्हातो," ती म्हणाली होती. "सरला की पडतो." मी तेच सांगितलं, आणि आईने सांगितलं हेही सांगितलं.

उत्तर चूक होतं, मान्य. चालत्या वस्तूला चालत राहायला जोर लागत नाही. धोंड्याला हवा अडवते आणि पृथ्वी खाली ओढते. एवढं सांगून भागलं असतं. पण मास्तरांनी पालकसभेत आईला उभं केलं, तिचं उत्तर तिच्याच बोलीत म्हणून दाखवलं, वर म्हणाले, "बाई, हे अडाण्याचं शास्त्र रानातच ठेवा." सगळे हसले. मीही हसलो. मी मागे बसलो होतो; आईला दिसलं नसणार, असं आजवर धरून चाललो.

त्यानंतर काहीही विचारलं की आई एवढंच म्हणायची, "मास्तरला इचार."

पुढे नगरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना जुन्या विद्वानांचं वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. ग्रीसचा थोर पंडित सांगत होता, फेकलेल्या वस्तूला हवाच पुढे नेते. त्याच्या नंतरचे म्हणाले, छे, फेकणाऱ्याचा जोर वस्तूत उतरतो, सरला की ती पडते. आपले वैशेषिक दर्शनवालेही बाणाबद्दल जवळपास हेच सांगून गेले. म्हणजे आईचंच उत्तर. त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाले, आणि माझ्या आईची चारचौघांत शोभा झाली. त्या मास्तरांनी यातलं एक पान उघडलं नसणार, हे मी पैजेवर सांगतो.

यंदा हुरड्याच्या दिवसांत रानात जाऊन आईला सगळं सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला. ती गोफणीचा पीळ सोडवत ऐकत होती.

"म्हंजी त्यांचं बी चुकलंच," ती म्हणाली.

"हो. पण त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही."

"आन् त्यांची लेकरं?" तिने गोफणीवरची नजर न काढता विचारलं. "ती हसली व्हती का?"