मुकादमाला सांगायचं कसं

पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात मी कापसातला कचरा वेचते. माझं गाव दूर कोकणात. नवरा इथे हायवेवर ट्रक दुरुस्त करतो, म्हणून आले. माझी शाळा पाचवीतच सुटली. लेक मात्र इथल्या शाळेत रमली आहे. नवऱ्यानं आधीच बजावलं होतं, "तुझं काम गेलं तर एकट्याच्यानं भागणार नाही. दोघींना गावी सोडून येईन." म्हणजे तिचीही शाळा मधेच तुटणार. त्यामुळे मी सगळ्यांना भिऊनच असायचे.

सगळ्यात जास्त मुकादमाला. कामावर ठेवणं, काढणं त्याच्याच हातात. नवीन असताना मी त्याला म्हटलं, "मुकादम, हा कापूस ओला वाटतोय."

"पाहा बाप्पा, आता नारळवाली मले कापूस शिकवून राह्यली."

बाया हसल्या. मी मान खाली घालून कचरा वेचत राहिले.

शेजारी बसणारी मावशी इथलीच. जेवताना ती म्हणाली, "त्याले सरळ नाही सांगा लागत. मले सांग, पण त्याले आयकू जाईन असं. माह्या सासऱ्यासंग मी अशीच बोलो. म्हशीले सांगो, म्हातारा आयके."

मग मी तसंच करू लागले. "मावशी, माठात पाणी नाही वाटतं." की लगेच मुकादम ओरडायचा, "माठ भरा ना बे! सगळं मीच पाहू काय?" काम झालेलं असायचं. त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत.

एकदा ती लग्नाला महागावला गेली, आणि नेमका त्याच दुपारी मला जळका वास आला. कापसाबरोबर एखादा गोटा मशीनमध्ये गेला तरी ठिणगी पडते आणि सरकी काढलेली रुई पेटते, हे मी ऐकून होते. मुकादम पलीकडे रुईच्या ढिगापाशी फोनवर कुणाला तरी झापत होता. मी सांगितलं आणि काहीच निघालं नाही तर? फुकट मशीन थांबवली म्हणून हाकलेल. मावशीच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून मी बोललेसुद्धा, "मावशी, वास येतोय." मशीनच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

वास वाढला. मी उठले. त्याच्यापाशी गेले.

"मुकादम, जळतंय."

"काय?"

"काहीतरी जळतंय."

त्यानं नाक वर केलं आणि मशीनच्या बटणाकडे धावला. माणसांनी ढीग उपसला. आत रुई काळी पडून धुमसत होती. पाणी ओतलं, आग तिथेच विझली.

मी भिंतीला टेकून उभी होते. तो माझ्याकडेच आला.

"वास कवा आला तुले?"

"मघाशीच."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

खोटं काही सुचेना. "तुमची भीती वाटते."

कुणी हसलं नाही. त्यानं गळ्यातल्या दुपट्ट्यानं मान पुसली.

"भेव वाटते त वाटू दे. पण सांगत जाय."

"उद्या येऊ ना?"

"नाही त कचरा काय मी वेचू?"

दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेत सोडून वेळेवर गेले. तो फाटकातच उभा होता. त्याला बघून भीती वाटलीच, तरी त्याच्यासमोरूनच आत गेले.