त्याला हाक मारू नका

अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या घरी हॉलमध्ये दोन फोटो होते. एक माझ्या वडिलांचा, दुसरा एका शेर्पाचा. दोघांनाही चंदनाचे हार. बायको म्हणायची, "बाबांच्या फोटोवर बोटभर धूळ आणि याचा मात्र रोज पुसतोस. बाबांनी तुझी बॅग डोंगरावर नेली असती, तर त्यांचाही पुसला असतास." मी हसण्यावारी न्यायचो.

चाळिशी उलटल्यावर मला डोंगर चढायचं खूळ लागलं होतं. पेशाने मी सॉफ्टवेअरवाला, दिवसभर खुर्चीत. तरी तीन वर्षं तयारी करून नेपाळमधल्या एका आठ हजार मीटरच्या शिखरावर गेलो. एव्हरेस्ट नव्हे. हे ऐकून लोक जरा हिरमुसतात, मला सवय झाली आहे. तिथे हा शेर्पा माझ्यासाठी नेमलेला होता. माझा तंबू, ऑक्सिजन, खाणं, सगळं त्याच्या पाठीवर. बर्फाच्या कड्याखालच्या वाटेवरून माझी एक फेरी होईपर्यंत त्याच्या चार व्हायच्या. मी धापा टाकत कॅम्पवर पोचलो की चहा तयार असायचा आणि वर तोच मला विचारायचा, "दमला का सर?" मला त्याचा हेवाही वाटायचा आणि थोडी लाजही.

तो तिथेच गेला. वरचा कडा तुटला आणि बर्फाखाली तो सापडलाच नाही.

परत आल्यावर मी त्याच्याबद्दल बोलायला लागलो. व्हर्जिनियात, न्यू जर्सीत, एकदा तर पार ॲरिझोनातल्या चँडलरला, जिथे म्हणून मराठी मंडळ असेल तिथे माझा स्लाइड शो व्हायचा. चौदाव्या स्लाइडवर त्याचा हसरा चेहरा यायचा. मी थांबायचो, त्याचं पूर्ण नाव स्पष्ट उच्चारात दोनदा घ्यायचो. तो उच्चार मी घरी घोटून घोटून बसवला होता. "पुढच्या चढाईसाठी दोर आणायला खालच्या कॅम्पवर गेला आणि परत आला नाही," असं सांगायचो. बायका डोळे पुसायच्या. त्याला विसरू द्यायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. आणि खरं सांगतो, नाव घेतलं की मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी एका शनिवारी फोन आला. हिंदीत बोलणारा, हळू आवाज. त्या शेर्पाचा मोठा भाऊ. अमेरिकेत, तेही आमच्यापासून वीस मिनिटांवर राहत होता. माझ्या पुढच्या कार्यक्रमाचं फ्लायर त्याने कुठल्याशा नेपाळी मित्राच्या फेसबुकवर पाहिलं होतं. मला भरून आलं. म्हटलं, उद्याच या, जेवायलाच या.

रविवारी अकराला तो आला. ठेंगणा, जाड मानेचा, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं थंडीने गेलेली. बारा वर्षं तोही डोंगरावर ओझी वाहत होता. आता विमानतळावर सामान चढवतो. "आधी लोकांचं सामान पहाडावर न्यायचो, आता विमानात. हमाली काही सुटत नाही," असं म्हणत हसत आत आला आणि त्याला फोटो दिसला. हसणं तिथेच थांबलं. त्याने मान वळवली, खुर्ची उचलून फिरवली आणि फोटोकडे पाठ करून बसला.

मला वाटलं, दुःखाने. मी भावाचं नाव घेऊन म्हणालो, "तो माझ्यासाठी घरातलाच..."

"सर, नाव नका घेऊ."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

मग त्याने सावकाश सांगितलं. त्यांच्यात माणूस गेला की त्याचं नाव घेत नाहीत. फोटो ठेवत नाहीत. कपडे देऊन टाकतात. एकोणपन्नास दिवस लामा पोथी वाचून त्याला पुढची वाट दाखवतात. मागच्यांनी फक्त एक करायचं, त्याला हाक मारायची नाही. नाव घेतलं की तो वळून बघतो, आणि वळला की वाट चुकतो.

"आणि माझा भाऊ तर एका हाकेत येणारा," तो म्हणाला.

मी काहीतरी पुटपुटलो. आमच्यात उलट असतं, आम्ही फोटो लावतो, हार घालतो, वगैरे. त्याने मान हलवली. ते त्याला ठाऊक होतं.

"गावाकडे आई आहे," तो म्हणाला. "तिला तो स्वप्नात दिसतो. एकदा नाही, सारखा. दारात उभा असतो, पायात बर्फाचे बूट. आई म्हणते, आत ये. तो म्हणतो, नाही, सर बोलावतायत. आई म्हणते, मग जा बाबा. तर जातही नाही. लामा म्हणाले, कुणीतरी याला हाका मारतंय, शोधा. आईला वाटलं मीच. तिने मला शपथ घातली. मी तर इतक्या वर्षांत एकदाही त्याचं नाव काढलेलं नाही."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या दारातल्या माणसाला मी ओळखत होतो. माझ्या तंबूच्या तोंडाशी तो असाच उभा राहायचा, आत न येता, काम सांगण्याची वाट बघत. खरं म्हणजे तेवढ्यावर निभावलं असतं. फोटो उतरवतो, नाव घेत नाही, एवढं कबूल करून मी सुटलो असतो. पण त्या फिरवलेल्या खुर्चीसमोर बसून मला खोटं पेलवेना.

"तो दोर आणायला गेला नव्हता," मी म्हणालो. "माझा बॅनर आणायला गेला होता."

ऑफिसने एक बॅनर दिला होता, शिखरावर धरून फोटो काढायला. तो मी खालच्या कॅम्पवर विसरलो. दुसऱ्या दिवशी आम्ही वर निघणार होतो. मी सॅक उपसून म्हणालो, "अरे यार, बॅनर खालीच राहिला." कुणाला उद्देशून म्हटलं नाही. आम्ही मध्यमवर्गीय माणसं, हुकूम सोडत नाही, नुसतं ऐकू जाईल असं हळहळतो. तो हातातलं काम ठेवून म्हणाला, "घेऊन येऊ सर?" नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "वेळ आहे का?" तो हसला आणि निघाला. ऊन वर आलं होतं, बर्फ सैल व्हायची वेळ. त्या वेळी त्या कड्याखालून कुणी जात नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

भावाने चहाचा कप समोर ओढला.

"तुमच्या 'हो'साठी थांबला नाही ना?"

"नाही."

"आम्ही थांबतच नाही. मीपण गेलोय. कुणाचा गॉगल, कुणाचा झेंडा." मग त्याने विचारलं, "काय लिहिलं होतं त्यावर?"

"कंपनीचं नाव."

त्याने मान डोलावली आणि चहा संपवला. जेवायला थांबला नाही. दाराशी बूट घालताना एवढंच म्हणाला, "आता जाऊ द्या त्याला, सर." माफ केलं असं म्हणाला नाही. मी विचारलंही नाही.

फोटो आम्ही मागच्या अंगणात बार्बेक्यूच्या ग्रिलवर जाळला. शेजाऱ्याला वाटलं आमची पार्टी चालू आहे, त्याने लांबून हात केला. लॅपटॉपमधली चौदावी स्लाइड पुसली. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचा ठरलेला कार्यक्रम रद्द करायला फोन केला, तर मंडळाच्या काकू म्हणाल्या, "कॅन्सल नको रे करूस, फ्लायर गेलेत सगळीकडे." म्हणून गेलो. या वेळी मात्र बॅनरसकट सगळं सांगितलं. दोनशे माणसं ऐकत होती. कुणी डोळे पुसले नाहीत. खुर्च्या तेवढ्या करकरल्या.

शेवटी बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. "अंकल, व्हॉट वॉज हिज नेम?"

घोटून घोटून बसवलेलं नाव जिभेच्या टोकावर आलं. त्यांचा रिवाज सांगता आला असता. लोकांनी माना डोलावल्या असत्या, किती छान म्हणाले असते, आणि त्याच्या जिवावर मी पुन्हा एकदा चांगला माणूस ठरलो असतो.

"मी नाही सांगू शकत," मी म्हणालो.

पुढच्या रांगेतले एक काका बायकोकडे वळून, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्यापायी माणूस मेला आणि याला त्याचं नावसुद्धा आठवत नाही."

मी तोंड मिटून उभा राहिलो.