मामांची उभं राहायची जागा

दिल्लीत राहून खुर्चीचा मनापासून तिटकारा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या ह्यांचे मामा. या शहरात माणसं खुर्चीसाठी काय काय करतात ते मी मंत्रालयातल्या नोकरीत रोज पाहत होते. आधी खुर्ची हवी, मग ती फिरती हवी, मग तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल हवा! मामांनीही सेक्शन ऑफिसर होऊन एक चांगली हातांची खुर्ची मिळवली होती, पण तिच्यावर बसायचा तो त्यांचा कोट. इतर ठिकाणी खुर्चीवर कोट दिसला की साहेब चहाला गेलेत असं समजायचं. मामांच्या सेक्शनमध्ये खुर्चीवर कोट असायचा आणि शेजारी साहेब उभे, फाइल खिडकीच्या कट्ट्यावर. आमच्याकडे आले की स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून पोहे खायचे. अहो मामा, बसा ना, असं मी बापडी दर वेळी म्हणायची. त्यावर ठरलेलं उत्तर: "बसलं की माणूस पाहुणा होतो, सूनबाई. मी घरचा आहे." आता यावर काय बोलणार, कपाळ? पोह्यांवर लिंबू पिळायचं आणि गप्प बसायचं. म्हणजे मी बसायचं.

या उभेपणाचं मूळ कोल्हापुरात होतं. तिथे फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे, पेठेची अब्रू. तालमीची टीम मैदानात उतरली की अख्खी पेठ उभी. अशा वेळी बूड टेकणाऱ्याकडे लोक तो शत्रुपक्षाचा असल्यासारखं बघत, असं मामा सांगत. नोकरीसाठी ते तरुणपणी दिल्लीला आले, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये एकटे राहू लागले, आणि लग्न करायचं राहूनच गेलं. सुरुवातीच्या त्या एकट्या दिवसांत त्यांना दिल्ली गेटजवळचं मैदान सापडलं. तिथल्या कोपऱ्यातल्या कठड्यापाशी उभं राहून सामना बघताना एक बंगाली बाबू, एक गढवाली आणि एक मल्याळी असे तिघे त्यांना भेटले. सगळे सरकारी नोकर, सगळे घरापासून लांब, आणि चौघांचं हिंदी चार दिशांना तोंड करून. पण खांद्याला खांदा लागला की भाषा लागतेच कुठे? गोल झाला की मिठी मारायची, हुकला की एकमेकांच्या पाठीत गुद्दा घालायचा. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत हे चौघे एकमेकांच्या घरी कधी गेले नाहीत. बाकीच्यांच्या बायकामुलांची नावंसुद्धा त्यांना नीट ठाऊक नसावीत. मी एकदा म्हटलं, "एखाद्या दिवशी जेवायला बोलवा की त्यांना." तर मामा चमकून म्हणाले, "जेवायला? आणि बोलायचं काय?" मैत्री सगळी उभ्याउभ्याच चाललेली. कठड्यापाशी ती चोख होती, बाहेर तिला पत्ताच नव्हता.

आणि तिथेच घोटाळा झाला. चौघे मागेपुढे रिटायर झाले आणि क्वार्टर सुटले. तो काळ असा की यमुनेच्या अल्याड-पल्याड जिकडे बघावं तिकडे नवे सेक्टर, नव्या सोसायट्या उगवत होत्या. जो तो आपापल्या सोसायटीचा फ्लॅट लागेल तिकडे गेला. बंगाली बाबू द्वारकेला, मल्याळी गुडगावला, गढवाली गाझियाबादच्याही पलीकडे कुठेतरी, आणि मामा आमच्याच सोसायटीत, नोएडात, अगदी वरच्या मजल्यावर. दिल्ली गेटला सामनेही कमी होत गेले. घरोघरी केबल आली आणि पोरंटोरं विलायतेतल्या क्लबांची नावं पाठ म्हणू लागली. मामा आमच्या टीव्हीवर सामने बघायला येत, पण तेही उभं राहून, आणि नेमके पडद्यासमोर. दिल्लीत वाढलेली माझी कार्टी ओरडायची, "मामाआजोबा, हटो ना यार!" मामा बिचारे बाजूला होत. थोड्या वेळाने हळूच निघून जात. सोसायटीत शेकडो माणसं होती हो, पण मामांच्या खांद्याला खांदा लावणारं एक नव्हतं. जिन्यात भेटलं की सगळे "नमस्ते अंकल" म्हणून लिफ्टचं बटण दाबायचे.

अशात बातमी आली की जवळच्या एका नव्या उपनगरात मोठं स्टेडियम होणार आणि फुटबॉलच्या शौकिनांनी आपल्या सूचना सांगाव्यात म्हणून सभा भरणार. मामांच्या अंगात वारं शिरलं. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की परदेशात काही ठिकाणी 'सेफ स्टँडिंग' असतं. म्हणजे उभं राहायची वेगळी जागा, प्रत्येक ओळीपुढे कमरेएवढा कठडा, धक्का लागला तरी कुणी पुढच्याच्या अंगावर पडायचं नाही. "नंबर नसतो, सूनबाई!" मामा हात नाचवत सांगू लागले. "खुर्ची म्हटलं की नंबर आला. चौघं चार दिशांनी येणार, एक इथं, एक तिथं, कोण कुणाला सापडणार? उभ्याच्या जागेत मात्र कधीही या, कोपरा धरा, आपली माणसं तिथंच!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामांना स्टेडियम नको होतं, त्यांना ते तिघे हवे होते, आणि ते तिघे मिळण्याची दुसरी कुठलीच जागा त्यांना ठाऊक नव्हती.

सभेला मी बरोबर गेले, न जाऊन सांगते कुणाला. कम्युनिटी हॉलमध्ये समोसे होते, जर्सी घातलेली तरुण मंडळी होती आणि प्राधिकरणाचे एक सज्जन अधिकारी होते. चर्चा चांगली रंगली. एक चष्मेवाला मुलगा म्हणाला की उभ्या गर्दीत चेंगराचेंगरी होते, विलायतेत माणसं मेली आहेत, म्हणून तर तिथे खुर्च्या आल्या. मामा म्हणाले, "बेटा, आदमी खड़े रहने से नहीं मरता. जास्त लोक कोंबले आणि दारं लावली की मरतो." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण त्या मुलाला पटलं. इथेच थांबायचं ना माणसानं? पण नाही. मामांनी अधिकाऱ्याला विचारलं, "पानिपत में क्या हुआ था, मालूम है?" दर संक्रांतीला मराठी मंडळींची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जाते, तिच्यातही मामा उभ्यानेच जात, आणि पानिपतावर त्यांचा स्वतःचा असा सिद्धान्त होता. अधिकारी जरा विचार करून म्हणाले, "जी, अचार बहुत अच्छा मिलता है." मामांनी डोळे मिटले. मग शांतपणे त्यांना समजावलं की सेनापती हत्तीवरून उतरला, रिकामी अंबारी दिसली आणि फौजेचा धीर सुटला; तेव्हा माणूस उभा दिसत राहिला पाहिजे, तो दिसेनासा झाला की मागचे घरी जातात. अधिकाऱ्यांनी 'नोटेड' म्हटलं. मी समोसा तोंडात कोंबून हसू दाबलं.

पण मामा नुसत्या बोलण्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी नाक्यावरच्या वेल्डरकडून तसला कठडा बनवून घेतला आणि सोसायटीच्या गच्चीवर रोवला. अधिकाऱ्यांना बोलावून दाखवायचा होता म्हणे! त्याआधी चाचणी हवी. एका रविवारी मी, आमचे हे, दोन वॉचमन, माळी आणि हाताला लागतील तेवढे शेजारी अशी फौज कठड्यामागे उभी केली. मामा शिट्टी तोंडात धरून समोर. "गोल म्हटलं की सगळ्यांनी उडी मारायची. मनापासून!" आम्ही मारली. एकदा मारली, दोनदा मारली, तिसऱ्यांदा माळ्याला फारच जोर चढला. कठडा जागचा हलला नाही, पण खालच्या मजल्यावरच्या भल्लाबाईंचं झुंबर हललं. त्या "भूकंप! भूकंप!" करत पायजम्यातल्या नवऱ्याला ओढत जिना उतरल्या आणि त्यांच्यामागे अख्खी विंग पार्कात. कुणी दागिन्यांचा डबा घेतलेला, कुणी कुकर. आम्ही वरून खाली बघतोय आणि मामा आनंदाने टाळ्या पिटत म्हणताहेत, "बघा, कठडा हललासुद्धा नाही!" सेक्रेटरींनी त्यांना नोटीस द्यायची तेवढी बाकी ठेवली. थंडी पडली तशा सोसायटीतल्या बायकांनी त्या कठड्यावर रजया वाळत घातल्या आणि काय छान सोय केलीत म्हणून मामांचे आभार मानले. संध्याकाळी रजया उचलल्या गेल्या की मामा एकटेच कठड्याला हात लावून उभे राहत.

स्टेडियम झालं. उभं राहायची जागा काही झाली नाही. त्या अधिकाऱ्यांनी मामांना चहा पाजून अगदी गोड शब्दांत सांगितलं, "अंकल, मॉडर्न स्टेडियम है, यहाँ सबको सीट मिलेगी." मामा म्हणाले, "सीट मागितलीय कुणी?" पण आवाजात जोर नव्हता. तरी उद्घाटनाच्या सामन्याचे पास त्यांनी आणलेच, लागून असलेल्या जागांचे, आणि तिघांना फोन लावले. मी तिथेच होते. गढवालीच्या घरी कुणी ओळखच देईना. मल्याळी गुडगाव सोडून केरळात गेलेला. बंगाली बाबू भेटले. इतके मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू येत होतं: "दादा, हम लोगों के लिए बैठने का जगह तो बना दिया, पर हम आएगा कैसे? घुटना गया. अब तो खड़ा ही नहीं हुआ जाता!" मामा हसले. "कोई बात नहीं दादा, कोई बात नहीं," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर पासांच्या कडा एकमेकांशी जुळवत बसले. होय, बसले. मीच घाईघाईने म्हटलं, "मी येते की मामा! मला कुठे काय काम आहे?" फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हिवाळ्यातली धुरकट दुपार होती. नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या ओळी वरपर्यंत गेलेल्या, आणि माणसं? हारतुरे, भाषण आणि फोटो झाल्यावर निम्मी गाड्यांकडे वळली. उरले ते समोरच्या सावलीतल्या भागात. आमच्या बाजूला आम्ही दोघं. सामना सुरू झाला आणि मामा उठून उभे राहिले. मग मी पाहिलं, ते खेळाकडे कमी आणि मागेच जास्त बघत होते. थोडा वेळ बघायचे, मागे वळायचे. बाहेर कुठेही उभं राहिलं की मागून कुणीतरी खेकसणारच, आणि मग मामा त्याच्याशी कचाकचा भांडणार, हा रिवाज. इथे कुणी खेकसेना. एक सिक्युरिटीवाला आला तेव्हा मामांनी आशेने छाती पुढे काढली. तो भला माणूस म्हणाला, "आराम से खड़े रहिए अंकल, पीछे तो कोई है ही नहीं."

मामांचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. इतकी वर्षं हा माणूस बसायला नको म्हणून जगाशी भांडला, आणि आता त्याला बस म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं. मी पर्स उचलली, दोन ओळी वर चढले, त्यांच्या बरोब्बर मागे जाऊन बसले आणि भल्लाबाईंच्या वरताण आवाज काढला, "ओ अंकलजी! बैठ जाओ! कुछ दिखता नहीं पीछे!"

मामा गर्रकन वळले. मला बघून क्षणभर गडबडले, आणि मग कोल्हापूरची अख्खी पेठ त्यांच्या गळ्यात उतरली. "दिसत नाही तर उठा की! बसायला काय लग्नाला आलाय?"

मी उठले. ओळी उतरून खाली त्यांच्याजवळ गेले. सगळं स्टेडियम मोकळं पडलं होतं, डावीउजवीकडे दूरवर एक चिटपाखरू नव्हतं, आणि तरीही मामा जरासे सरकले आणि त्यांनी मला शेजारी उभं राहायला जागा करून दिली.