आईचं दुखणं लिहून घेणारे वकीलचाचा

वकीलचाचा मुलांचं ऐकून घेत नसत. म्हणजे पेशंटच्या मुलांचं. महाडच्या कोर्टाजवळच्या त्यांच्या खोलीत आईला घेऊन पहिल्यांदा गेलो आणि मी तोंड उघडलं, तोच त्यांनी हात वर केला. "मास्तर, पोट तुमचं कापलं का? मग बसा." आणि आईकडे वळून म्हणाले, "बोला वहिनी. घाई नाय."

आई तासभर बोलली. इतका वेळ तिचं कुणी ऐकलंच नव्हतं. गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर तिच्या पोटातलं दुखणं थांबेना. डॉक्टर म्हणत, टाके ओढतात. आमच्या नाते गावच्या शेजारणी म्हणत, काम टाळते. खरं सांगायचं तर मीही मनातून तेच म्हणत होतो. आठ महिन्यांनी मुंबईला पुन्हा पोट उघडलं, तेव्हा आतून कापडाची घडी निघाली. आई बरी झाली, पण तिची झोप गेली ती गेलीच. भरपाईचं तिला काही नव्हतं. "माझं खोटं नव्हतं, येवढं कुणीतरी लिवून द्या," ती चाचांना म्हणाली.

चाचा गेल्या महिन्यात गेले. दफनाहून आल्यापासून हे थोडं थोडं लिहितो आहे.

ते प्रत्येकाची केस घेत नसत. पोलादपूरकडचा एक गृहस्थ गुडघा वाकत नाही म्हणून डॉक्टरवर दावा लावायला आला होता. चाचांनी त्याचे कागद दोनदा वाचले आणि म्हणाले, "डॉक्टरनी सगळं नीट केलंय. गुडघ्यानं ऐकलं नाय, त्याच्यावर दावा कसा लावू?" तो चिडून निघाला, तरी चहा पाजूनच पाठवला.

मी लिहून नेलेल्या तक्रारीच्या अकरा पानांची त्यांनी तीन केली. 'निर्दयी', 'कसाई' अशा शब्दांवर शांतपणे रेघा मारल्या. "विशेषणं कोर्टात उभी राहत नाहीत, मास्तर. तारीख उभी राहते." वाचनालयाच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे जरा लागलं.

अलिबागच्या ग्राहक आयोगापुढे दवाखान्याचं म्हणणं आलं: घरी सोडेपर्यंत पेशंटची काहीच तक्रार नव्हती. पुरावा म्हणून त्यांनी माझंच पत्र जोडलं होतं. घरी निघताना डॉक्टरांचे आभार मानायचे ही आमच्याकडची रीत. मी सुवाच्य अक्षरात मानले होते. ते पत्र तिथं पाहून मला आईकडे बघवेना. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चाचा, केस मागे घ्या. आईला मीच बुडवलं."

चाचा व्हरांड्यात उभे राहून पत्र वाचत होते. "दोन पानी आभार! इतके तर मी निकाहात सासऱ्याचे मानले नव्हते." मग त्यांचं बोट दुसऱ्या पानाच्या तळाशी थांबलं. "हे कोणी लिहिलं?"

मीच लिहिलं होतं आणि साफ विसरलो होतो: 'आईला उजव्या बाजूस फार दुखते व रात्री ताप येतो, तरी कृपया एकदा पाहावे.' खाली तारीख होती.

"त्यांनी वरचे आभारच वाचले असणार," चाचा म्हणाले. "तक्रार त्यांच्याच फायलीत आहे की हो!"

निकाल लागला त्या दिवशी चाचांनी आयोगाच्या आवारात आईला एकेक ओळ मराठीत करून सांगितली. "रुग्णाने दुखण्याची तक्रार वेळीच केली होती. ती खरी होती."

"परत वाचा," आई म्हणाली. त्यांनी परत वाचलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला आता."

अलिबागहून पोलादपूरला जाणारी एसटी मिळाली. माणगाव यायच्या आतच आईची मान खिडकीला टेकली. महाडच्या डेपोत मी तिला हलवायला हात पुढे केला, तो चाचांनी धरला.

"वकीलसाहेब, महाड आलं. उतरता ना?" कंडक्टर ओरडला.

"हळू बोल रे," चाचा म्हणाले. "तिघांची तिकिटं पोलादपूरपर्यंत वाढव."

"तिकडं काय काम काढलंत?"

"काम नाय. बाई झोपलीये."

पोलादपूरला गाडी रिकामी झाली, तेव्हा आईनं डोळे उघडले. बाहेरच्या अनोळखी टपऱ्या बघून ती गोंधळली. "महाड आलं काय?" असं कुणालातरी विचारल्यासारखं पुटपुटली.

"मागं राहिलं, वहिनी," पिशवी उचलत चाचा म्हणाले. "चहा घेऊ, मग सावकाश परत जाऊ."